सहाव्या सिंफनीतली टाळी

माझा भाचा चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासतो. तुम्ही कधी तपासून घेतले असतील तर ठाऊक असेल, नाकावर ती जड फ्रेम चढवून भिंगं बदलत बदलत विचारतात, "हे बरं दिसतं, की हे?" दोन्ही सारखीच दिसतात. पण तसं म्हटलं की समोरचा असा काही बघतो, की आपण घाईघाईत "दुसरं" म्हणून मोकळे होतो. असं घाबरून म्हटलेलं एक "दुसरं" मी अजून नाकावर वागवतो आहे.

हाच प्रश्न तो घरी रेकॉर्डींच्या बाबतीत विचारायचा. कुणा एका रशियन संगीतकाराचा त्याला तरुणपणापासून नाद. त्याचं नाव माझ्या जिभेला काही वळलं नाही, म्हणून आम्हा नातेवाइकांत तो रशियनबुवा. सिंफनी म्हणजे काय हे मला, गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाला, भाच्यानेच समजावलं. स्टेजभर माणसं एकदम वाजवतात, बहुधा चार भाग असतात, मध्ये मध्ये थांबतात, आणि थांबले तरी टाळ्या वाजवायच्या नाहीत.

"का रे?"

"नाही वाजवायच्या, मामा."

बरं बाबा, नाही वाजवायच्या.

रशियनबुवाने सिंफन्या मोजक्याच लिहिल्या, पण त्या वाजवणारे जगभर, आणि प्रत्येकाची रेकॉर्ड भाच्याला हवी. एकट्या सहावीच्याच इतक्या, की कपाटाची फळी पोट सुटल्यासारखी वाकली. भाऊजींनी खालून पट्टी ठोकली तेव्हा ती सावरली.

भाऊजी म्हणजे भाच्याचे वडील, माझ्या बहिणीचे यजमान. जन्म गेला लाकडाच्या वखारीत, करवतीवर. त्या करवतीने डाव्या हाताची दोन बोटं नेली. कुणी हळहळलं तर म्हणायचे, "नखं कापायचा त्रास तेवढाच कमी." बहीण गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले.

रविवारी सकाळी भाच्याकडे बैठक असायची. बँकेतले कॅशियर, औषधांचे दुकानदार आणि कधी कधी मी. भाचा एकच तुकडा निरनिराळ्या रेकॉर्डींवर लावायचा आणि विचारायचा, "हे बरं, की हे?"

"पहिल्यातले ढोल कडक आहेत," कॅशियर म्हणायचे.

"दुसऱ्यातल्या बासरीवाल्याला सर्दी झालीय. दुकानावर पाठवा, औषध देतो," दुकानदार म्हणायचे.

भाच्याचा कान मात्र खरंच तिखट होता. डोळे मिटून तो सांगायचा, हा हॉल लाकडी छताचा, ह्यातला म्हातारा वादक डावीकडे बसलाय. मी कौतुकाने ऐकत राहायचो. भाऊजी दाराजवळच्या स्टुलावर बसून असायचे. त्यांना कुणी काही विचारत नसे.

बैठकीचा शेवट ठरलेला. कॅशियर म्हणायचे, "चष्मेवाले, आता टाळीबहाद्दर होऊन जाऊ दे!"

ही आमच्याच शहरातल्या हॉलमध्ये भरलेल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड. भाचा तेव्हा शिकायला परगावी होता, म्हणून त्याचा तो कार्यक्रम हुकला होता. सहावीचा तिसरा भाग असा उधळत जातो, की वरातच निघाली आहे असं वाटावं, आणि धडाधड वाजून थांबतो. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. खरं तर चौथा भाग बाकी असतो. ह्या रेकॉर्डीत तिथे, त्या शांततेत, एकच माणूस टाळ्या वाजवतो. ठप, ठप, ठप. मग कुणीतरी "शूऽऽ" करतं. टाळी मध्येच तुटते.

तिथे भाचा सुई उचलायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

"कुठून आला असेल हो हा?"

"चुकून शिरला असेल, पाऊस असेल बाहेर!"

"अशा लोकांना तिकीट देतातच कसे?" भाचा म्हणायचा. हे वाक्य त्याचं. दर रविवारचं. भाऊजीही हसायचे आणि मग कपबशा उचलून आत न्यायचे.

एका रविवारी भाऊजी बैठकीला नव्हते. भाच्याच्या मुलीला सायकल शिकवायला खाली गल्लीत गेले होते. वर नेहमीप्रमाणे टाळीबहाद्दर लागला. धडाधड, थांबला, ठप ठप ठप, शूऽऽ. भाच्याने सुई उचलली. आम्ही हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात उघड्या खिडकीतून तोच आवाज आला.

ठप, ठप, ठप.

तसाच भरडा, तसाच अर्धा. एक तळवा पुरा आणि दुसऱ्याला मध्येच खिंडार.

"अरेच्चा! टाळीबहाद्दर गल्लीत आला की काय!" दुकानदारांनी गुडघ्यावर थाप मारली.

भाचा हसला नाही. त्याने सुई पुन्हा मागे ठेवली, ती टाळी पुन्हा लावली. हे, की हे? खाली नात सायकलवर सुटली होती आणि आजोबा तिच्यामागे टाळ्या वाजवत धावत होते. भाच्याने खिडकीतून वाकून पाहिलं. त्याने खिडकी लावून घेतली आणि म्हणाला, "आज डोकं दुखतंय. उठू या."

दोघे गेले. मी मात्र उठलो नाही. म्हाताऱ्याला "उठू या" लगेच कळत नाही, हा वयाचा एक फायदा.

भाऊजी घाम पुसत वर आले. "पडली नाही रे पोरगी! सरळ कोपऱ्यापर्यंत गेली!"

"बाबा, त्या कार्यक्रमाला तुम्ही गेला होतात?"

भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुपचूप डावा हात खिशात घातला.

"तुझं पत्र आलं होतं ना, चुकणार म्हणून जीव हळहळतोय. म्हटलं, आपण जाऊन ऐकावं. आलास की सांगता येईल, कसं झालं ते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. पण तू ती रेकॉर्ड आणलीस, लावलीस, आणि त्या टाळीला केवढा चिडलास! मग काय सांगायचं?" ते ओशाळं हसले. "मला वाटलं रे, संपलं. एवढे घामाघूम होऊन वाजवत होते आणि सगळे गप्प! म्हटलं, कुणीतरी शाबासकी द्यायला नको का?"

"आणि इतकी वर्षं आम्ही हसत होतो..."

"हसण्यासारखंच होतं. तुझ्याकडे चार माणसं येतात, खूश होऊन जातात. माझं काय बिघडलं?"

 मी माझा चष्मा काढून पुसत बसलो. त्याच्यावर धूळ नव्हती.

पुढच्या रविवारी मंडळी आली. भाचा आठवडाभर दुकानात गिऱ्हाइकांच्या भिंगांची अदलाबदल करत होता, असं त्याची बायको सांगत होती. बैठक संपत आली आणि कॅशियर म्हणाले, "आणा आमच्या टाळीबहाद्दर गाढवाला!"

भाऊजी स्टुलावर होते. भाचा कपाटापाशी पाठ करून उभा राहिला, बराच वेळ. मला वाटलं, टाळतोय. रेकॉर्ड खराब झाली, असं सांगितलं असतं तर निभावलं असतं. कुणाला कळणार होतं?

"ते गाढव नाही," तो कपाटाकडेच बघत म्हणाला. "ते माझे वडील आहेत. गाढव मी. माझ्यासाठी गेले होते ते."

कॅशियरांचा कप बशीवर वाजला. दुकानदार "अहो, आम्हाला काय माहीत..." असं काहीतरी पुटपुटले. सगळ्यांत जास्त अवघडले ते भाऊजीच. "अरे, कशाला उगाच! चहा घ्या हो तुम्ही," म्हणत उठून कपबशा गोळा करायला लागले. भाच्याने त्यांच्या हातातून कप काढून घेतले.

"बाबा, बसा. शूऽऽ केल्यावर पुढचं कसं वाटलं होतं तुम्हाला?"

"पुढचं?" भाऊजी म्हणाले. "पुढचं कुठे ऐकलं मी? उठून आलो तसाच. शेजारची बाई अशी बघत होती..."

"मग घरी?"

"घरी तर तू तिथेच सुई उचलतोस. बाकीच्या रेकॉर्डींचे नुसते तुकडे लावतोस."

 रेकॉर्डींनी वाकलेली फळी, तिला खालून भाऊजींची पट्टी, आणि ज्यांनी ती ठोकली त्यांनी सहावीचा शेवट एकदाही ऐकलेला नव्हता. आम्ही ऐकूच दिला नव्हता.

भाच्याने वडिलांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि सुई ठेवली. वरात गेली, थांबली. ठप ठप ठप. शूऽऽ. कुणी हसलं नाही. भाच्याचा हात सवयीने सुईकडे गेला आणि मागे आला.

चौथा भाग सुरू झाला. कुणी घरातून जाताना मागे वळून वळून बघावं, तसा. हळूहळू तो खाली खाली जात राहिला, आणि शेवटी नुसता श्वासासारखा उरला. तोही विरला. सुई रिकामी खरखरत होती.

भाऊजींचे डोळे भरले होते. पण त्यांचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले होते, वर्गात मुलं बसतात तसे. त्यांनी हळूच विचारलं, "आता संपलं का रे?"

"संपलं, बाबा."

"नक्की?"

भाच्याने मान हलवली. भाऊजींनी आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हात काही बाहेर काढले नाहीत.