काकांना धरू नका

सकाळी गुडघ्याला बाम चोळला आणि त्या उग्र वासासरशी थेट वरसे गावच्या मैदानात पोचलो. पंचवीसएक वर्षांपूर्वी तिथे लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशी कबड्डी होती. मी पंचेचाळीस वर्षांचा, पण आतून बिनलग्नाचाच. तरी लपून हाच बाम चोळून उतरलो होतो.

गुण बरोबरीत, शेवटची चढाई माझी. पायाखाली तापलेली माती, तोंडात ‘कबड्डी कबड्डी’. एका पोराला शिवलो, वळलो, तरी कोणी हलेना. मधली रेघ दोन पावलांवर असताना त्यांचा कप्तान ओरडला, "काकांना धरू नका रे, मोडतील!"

मोडतील? मी गर्रकन फिरलो. "काका कोणाला म्हणतोस रे? ये, धर मला!"

पंचांची शिट्टी वाजली. बोललो म्हणजे दम सुटला. मी बाद, आणि त्या एका गुणाने आम्ही हरलो.

"गुपचूप परत यायला काय झालं व्हतं तुला?" आमच्या संघातला बाळ्या कपाळावर हात मारून म्हणाला.

आता सत्तरीत चीड येते ती वेगळीच. पंचेचाळीस म्हणजे पोरच होतो की मी! त्या कार्ट्यांनी मला धरायलाच हवं होतं.