मावसाजी, गाडी आणि सही

जगावर विश्वास न ठेवण्याच्या कामात आमच्या मावसाजींचा हात धरील असा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. दूध आलं की ते आधी गवळ्याच्या तोंडाकडे पाहत आणि मग भांड्याकडे. घड्याळात नऊ वाजले की अंगणात येऊन सूर्याला विचारून घेत. देवळात प्रसाद हातावर पडला तर पुजाऱ्याला "तू खाल्ला का?" असं विचारल्याशिवाय तोंडात टाकत नसत. माझ्या सख्ख्या मावशीशी त्यांचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, तरी "मुलगी दाखवताना अंधार काहून केला व्हता?" हा प्रश्न ते अधूनमधून उकरून काढत. मावशी म्हणे, "कंदील तुमच्याच काकानं धरला व्हता, त्याईलेच विचारा." त्यावर ते मनात काकांविषयी नवा संशय धरत.

बऱ्हाणपूरशेजारच्या बहादरपूरला त्यांची केळीची बाग होती. माल बैलगाडीने स्टेशनावर जाई आणि गाडीवान वाटेत केळी खातात अशी मावसाजींची खात्री होती. एक गाडीवान तर केळीला शिवतही नसे. त्याला त्यांनी सगळ्यांत आधी काढून टाकलं. "इतका साधा मानूस असतो का कुठी?" म्हणाले. म्हणून दुसरं महायुद्ध संपल्यावर महूच्या छावणीत मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला तेव्हा ते माझ्या मामाला घेऊन गेले आणि एक पिकअप घेऊन आले. पुढे दोघांची बसायची जागा, मागे उघडा हौदा, रंग शेवाळी. लिलावाच्या पावतीवर सही मात्र मामाने केली, कारण मावसाजी कशावरच सही करत नसत.

त्याचं असं होतं. ते दिवस संस्थानं विलीन होण्याचे होते. आज अमक्या राजाने सही केली, उद्या तमका करणार, अशा बातम्या रोज पेपरात येत. मावसाजी गाडीत बसून पेपर वाचत आणि मान हलवत. "हत्ती व्हते, घोडे व्हते, तोफा व्हत्या. कोनी लढलं का? एक कागद, एक सही, बस, हो गया. माझी तर एकटी गाडी हाये." सरकारने विकलेली गाडी सरकार परत घेणार आणि त्यासाठी ते फक्त आपल्या सहीची वाट पाहतंय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मग गाडीची नोंदणी कोण करणार? आणि नोंदणीवाचून गाडी रस्त्यावर कशी येणार? ती आली नाही. केळी वाहायला आणलेली गाडी आठ-नऊ वर्षं अंगणात उभी राहिली, आणि तिच्या नाकासमोरून केळी बैलगाडीनेच स्टेशनावर जात राहिली.

पण उभी गाडीसुद्धा मावसाजींनी अशी सांभाळली की चालत्या गाड्यांना हेवा वाटावा. मिस्त्री पार्ट बदलतो, म्हणून मिस्त्री नको. रोज सकाळी आंघोळ करून ते स्वतः हँडल मारत, इंजिन दोन-तीनदा खाकरून सुरू होई, मग दहा पावलं पुढे आणि दहा पावलं मागे असा गाडीचा फेरफटका होई. फेरी झाली की इंजिनातला रोटर नावाचा लिंबाएवढा तुकडा काढून ते खिशात टाकत, म्हणजे कोणी पळवून न्यायची म्हटली तरी गाडी सुरू होऊ नये. तो खिशात घेऊन ते लग्नांना गेले, तेराव्यांना गेले. रेडिएटर गळायला लागला तर मावशीच्या डब्यातली हळद पाण्यात घालून त्यांनी गळती बंद केली. कार्बोरेटर तिच्या परातीत घासलेटने धुतला. त्या परातीतल्या भाकरीला पुढे आठवडाभर वास येत होता आणि मावसाजी विचारत होते, "पिठात कोनं काय टाकलं?"

सुरुवातीला गाडीचा गिअर बॉक्स अजिबात आवाज करत नसे. लोक म्हणाले, मावसाजी, नशीब काढलं. मावसाजी म्हणाले, "इतकी चूप काहून हाये?" आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो उघडला. आत तेलात कालवलेला लाकडाचा भुसा निघाला. आवाज दाबायला कोणीतरी भरून ठेवला होता. तो भुसा त्यांनी परातीत घेऊन गावभर दाखवला. माणसाचा एक संशय खरा ठरला की पुढच्या हजारांना बळ येतं; तो दिवस उगवला नसता तर मावसाजी कदाचित सुधारलेही असते.

पिकांची पाहणी करायला पटवारी गावात आला की मावसाजी गाडीवर केळीची पानं पसरत. अख्ख्या गावाला गाडी ठाऊक, पटवाऱ्यालाही ठाऊक. तो चहा पिताना विचारी, "मावसाजी, गाडी कैसी है?" पानांखालून बंपर डोकावत असे आणि मावसाजी शांतपणे म्हणत, "कौनसी गाडी?"

या सगळ्या जगात एका माणसावर त्यांचा विश्वास होता: त्यांची मुलगी पमी. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, कुठला स्क्रू किती फिरवायचा ते सांगणारं. मी बऱ्हाणपुरात बुधवाऱ्यातल्या शाळेत मास्तर, म्हणून आधी माझ्याकडून त्यातलं एक पान वाचून घेतलं. मी सांगितलं तसं केलं आणि गाडी दोन दिवस सुरू झाली नाही. मग शाळेत नुकतंच इंग्रजी शिकू लागलेल्या पमीने डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याच पानाचा अर्थ लावला आणि गाडी सुरू झाली. तेव्हापासून मी त्या पुस्तकाला हात लावायचा नाही असं ठरलं. पमी बोनेटवर बसून एकेक वाक्य मराठीत सांगे, मावसाजी खाली पाना घेऊन तसं करत. कळलं नाही तर ती तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, न कंटाळता सांगे. मी बावीस वर्षं पोरांना शिकवलं, पण असं शिकवणं मला कधी जमलं नाही. खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवाच वाटला.

म्हणून पमी मॅट्रिकची परीक्षा पास झाल्यावर अमरावतीच्या मुलींच्या ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म मीच आणला. सोबत बापाने सही करायचा एक करारनामा होता: शिक्षण सरकार देईल, पण नंतर सरकार नेमेल त्या कोणत्याही शाळेत काही वर्षं नोकरी करावी लागेल. मावसाजींनी फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुले कोनं पाठवलं?" म्हणाले. फॉर्म गाडीच्या सीटखाली गेला. दिवस जात होते, मुदत संपत आली होती. मावशीने एकदाच विचारलं, "माझा अंगठा चालते का?" चालत नव्हता. पमीने जेवण कमी केलं होतं.

शेवटच्या दिवशी मी पुन्हा गेलो. ते "कोणत्याही शाळेत" वालं कलम आलं की मोठ्याने खोकायचं आणि पुढे सरकायचं, असं मी घरून ठरवून निघालो होतो. पण मावसाजींनी कागद पमीच्या हातात दिला. ती नेहमीसारखी बोनेटवर बसली आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. त्या कलमापाशी ती थांबली नाही. "बाबा, यात लिहिलंय, ते पाठवतील तिथं जावं लागेल. लांबही पाठवतील. मी जाईन."

मावसाजींनी हातातला पाना खाली ठेवला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यानं हे कलम खाल्लं असतं." त्यांनी हौद्याच्या फळीवर कागद ठेवला आणि ग्रीसच्या हाताने सही केली. सहीशेजारी अंगठ्याचा एवढा काळा ठसा उमटला की पुढे तिथल्या क्लार्कने विचारलं, दोन्हीपैकी कोणतं धरायचं?

पमी गेली. गाडी दहा पावलं पुढे आणि दहा पावलं मागे जातच होती, पण पुस्तक मिटलेलं होतं. एकदा मावसाजी मला म्हणाले, "हे राजे लोकं सही केल्यावर दिवसभर काय करत असतील रे?" मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

ट्रेनिंग संपल्यावर तिला नोकरी लागली ती डोंगरापलीकडे, जामोदकडच्या एका खेड्यात. लांब होतं, पण आपल्याच प्रांतात होतं. आणि मग प्रांतांची नव्याने वाटणी झाली. तिकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. बाप एका राज्यात, मुलगी दुसऱ्या राज्यात.

पेपर आला त्याच सकाळी मावसाजी बुधवाऱ्यात माझ्या दारात उभे राहिले. मला वाटलं, आता हे म्हणणार, "मी सांगत नव्हतो का?" आणि म्हणाले असते तर ते चूकही नव्हतं. पण ते पाणी प्यायले, आणि पहिल्यांदाच वास न घेता प्यायले. मग म्हणाले, "गाडीचे कागद कुठी होतात?"

"मावसाजी, तिकडे बस जाते की."

"बसच्या ड्रायव्हरचा काय भरोसा? अन् दुसऱ्या राज्यात कोनी कागद मागितले तर? आपले पक्के पाहिजेत."

मामाने पावती त्यांच्या नावावर करून दिली. आम्ही खंडव्याच्या कचेरीत गेलो. मावसाजींनी एकही कागद वाचला नाही. क्लार्क बोट ठेवी तिथे सही करत गेले, आणि तो थांबला तेव्हा म्हणाले, "अजून कुठी करू?" मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, आणि अभिमानही वाटला.

गाडी रस्त्यावर आली त्या दिवशी पटवारी वाटेतच भेटला. "अच्छा, गाडी भी है आपके पास?" म्हणाला. मावसाजी म्हणाले, "है." घाटात इंजिन दोनदा तापलं, दोनदा आम्ही झाडाखाली बसलो, पण दुपारच्या आत पमीच्या शाळेसमोर पोचलो. शेवाळी मिलिटरी गाडी पाहून हेडमास्तरांना वाटलं, नव्या राज्याचे कोणी साहेब तपासणीला आले. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि मावसाजींना थेट समोरच्याच, म्हणजे पमीच्या, वर्गात नेऊन मागच्या बाकावर बसवलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं तर मावसाजींनी माझा हात दाबला. पमी फळ्यावर गुणाकार शिकवत होती. तिने बापाला पाहिलं, खडू हातात तसाच राहिला, आणि मग तिने तो गुणाकार पुरा केला. एका मुलाला कळला नाही. तिने पुन्हा सांगितला, न कंटाळता.

तास संपताना हेडमास्तरांनी शेरेबुक पुढे केलं. मावसाजींनी बाकावर वाकून सावकाश लिहिलं: "बाई नीट शिकवतात. गुणाकार मी स्वतः करून पाहिला, बरोबर आहे. बाई वाळल्या आहेत. दिवाळीला लवकर सोडावे." खाली पूर्ण नावाने सही केली. हेडमास्तरांनी तो हुकूम समजून मान लववली, आणि त्या दिवाळीला तिला खरोखरच दोन दिवस आधी सोडलं.

मावसाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही निघाल्यावर काय झालं ते पमीने मला त्यानंतर सांगितलं. गाडीचा आवाज लांब गेल्यावर तिने शेरेबुक उघडलं. तिसऱ्या वाक्यापाशी तिला पुढे वाचवेना. मग मुलांना तिने चित्रं काढायला सांगितलं आणि शाळा सुटेपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.