तुळशीला पाणी घालायची किल्ली

भाऊबीजेला जिच्याकडून ओवाळून घेतलं, तिलाच एका माणसाने फसवलं. तिच्या घरात गांजाची झाडं वाढवली आणि ती सापडल्यावर तिचीच आहेत असं सांगून मोकळा झाला. नोकरीत किती प्रकरणं हाताळली याचा हिशेब मी ठेवला नाही, बरीचशी विसरलोही. हे प्रकरण तेवढं मनातून जात नाही.

सिंगापूरच्या अमली पदार्थविरोधी खात्यात मी अगदी खालच्या पायरीवरून चढलो. वडील इथल्याच बंदरावर मुकादम. आई घरी केलेले मसाले बाजारात विकायची आणि मी तिच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांशी भाव करायचो. माणूस ओळखायला मी तिथे शिकलो. नंतर खात्याने जे शिकवलं, त्याने फक्त कागद नीट भरता यायला लागले.

खबर बेटाच्या पश्चिमेकडच्या क्लेमेंटी वस्तीतून आली. सरकारी घरांच्या एका ब्लॉकमधल्या चिनी आजीबाईंनी फोन केला. वाक्याला 'लाह' जोडायच्या इथल्या बोलीत त्यांचं म्हणणं एवढंच, "ऑफिसर, समोरच्या घरातला लाइट कधी झोपतच नाही, लाह. दाराच्या फटीतून जांभळा उजेड. आणि वास येतो, मेलेल्या प्राण्यासारखा." अशा तक्रारी रोज येतात. दहांतल्या नऊ शेजारच्यांच्या भांडणातून आलेल्या असतात. पण जांभळा उजेड कोणी रागाने रचून सांगत नाही. आम्ही गेलो.

घरमालक बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पासिर रिसला राहायचा. त्याला किल्लीसकट बोलावून दार उघडलं. आतल्या खोलीत काळ्या कापडाचा तंबू, वर जांभळे दिवे, पंखे, खाली पाण्याची टाकी आणि पंप, खताच्या बाटल्या आणि पाण्याचा पीएच मोजायचा पेनासारखा मीटर. तंबूत गांजाची झाडं. उंच वाढलेली, पण पिवळी पडलेली. पंचनामा केला, एकेक वस्तू पिशवीत घालून मोहोरबंद केली. दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये कुंडीत एक तुळस होती. पार वाळून काडी झालेली.

घर भाड्याने घेतलं होतं साताऱ्याकडच्या एका बाईंनी. तिशी ओलांडलेल्या, जवळच्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या. आणि संशोधनाचा विषय? मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यावर पालेभाज्या वाढवणं. टाकी आणि पंप त्यांचेच होते, जुने. माझा सहकारी, हुशार पोरगा, म्हणाला, "सर, केस क्लोज्ड. एवढं सोपं प्रकरण मी अजून पाहिलं नाही."

बाई तेव्हा काही महिन्यांपासून साताऱ्यात होत्या, आईच्या ऑपरेशनसाठी गेलेल्या. परतल्या तेव्हा विमानतळावरच त्यांना ताब्यात घेतलं. हातातल्या पिशवीत आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू. ते लाडूही आम्ही पंचनाम्यात घेतले. नियम म्हणजे नियम.

आमचा कायदा किल्लीला फार मानतो. घराची किल्ली ज्याच्याकडे, आतला माल त्याचा असंच धरलं जातं. तसं नाही, हे त्याने सिद्ध करायचं. बाई म्हणाल्या, दुसरी किल्ली मी दादाकडे दिली होती, तुळशीला पाणी घालायला. हा दादा म्हणजे पुण्याचा एक आयटी मॅनेजर, मरीन परेडला समुद्राजवळच्या महागड्या काँडोत राहणारा, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यात पुढे. बाईंना इथे सख्खं कोणी नाही म्हणून दर भाऊबीजेला तो त्यांच्याकडे जेवायला यायचा. त्याला बोलावलं तर शांतपणे म्हणाला, "किल्ली मी ती निघाली त्या दिवशीच परत केली. तिची आई आजारी, तिला भान नसेल." दोघांच्या लघवीची तपासणी झाली, दोघेही स्वच्छ. आजीबाईंनी येणारा माणूस पाहिला होता, पण टोपी आणि मास्क घातलेला. बाई दूर होत्या, पण झाडं माणूस ठेवूनही राखता येतात. एकाचा शब्द, दुसरीचा शब्द. झाडं वाढवण्याचं ज्ञान मात्र एकीकडेच. बाईंना मोठा तुरुंगवास समोर दिसत होता आणि जामीनही मिळत नव्हता.

मी त्यांच्यापुढे झाडांचे फोटो ठेवले. तोवर त्या रडत होत्या. फोटो बघता बघता रडणं थांबलं. एक फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हे कोणी केलंय?" त्या चिडून म्हणाल्या.

"तेच तुम्हाला विचारतोय."

"साहेब, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. टोकं करपलेली. म्हणजे खत भरपूर ओतलंय, पण पाण्याचा पीएच चढलेला. ताट वाढलेलं आहे आणि तोंड शिवलेलं, अशी गत. झाड उपाशी दिसतं म्हणून हा माणूस आणखी खत घालत गेला. माझ्या हाताखाली पहिल्या वर्षाला आलेली मुलंसुद्धा आधी पाणी तपासतात."

सहकारी बाहेर आल्यावर म्हणाला, "गुड ॲक्ट्रेस, सर."

मला तसं वाटलं नाही. आपल्यावरचा आरोप विसरून दुसऱ्याच्या गलथानपणावर चिडणारा आरोपी मी पाहिलेला नव्हता. पण माझं वाटणं न्यायाधीशापुढे चालत नाही.

दोन गोष्टी हातात होत्या. पहिली, प्रयोगशाळेचा निरोप आला होता की जप्त केलेला मीटर बिघडलेला आहे, खऱ्यापेक्षा बराच कमी पीएच दाखवतो. हे मला आणि तपासणाऱ्याला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. दुसरी गोष्ट आजीबाईंनी सांगितली, जाता जाता. एकदा पांढरे बूट घातलेला एक म्हातारा इंडियन अंकल आला होता. मास्कवाल्याने दार उघडून त्याला आत घेतलं होतं. बाईंना विचारताच त्या म्हणाल्या, "ते काका! मीच पाठवलं होतं. दादा तुळशीचा फोटो पाठवेना, म्हणून त्यांना म्हटलं जरा बघून या. त्यांनी फोनवर सांगितलं, तुळस छान आहे, काळजी करू नकोस."

हे काका निवृत्त बँकर, मंडळातले वजनदार गृहस्थ. त्यांच्याच घराखालच्या कॉफीशॉपमध्ये भेटलो. त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही आपल्यातलेच, म्हणून बोलतो. गेलो होतो मी. आत काहीतरी काळं उभं केलेलं होतं. वास होता, मला वाटलं धूप असेल."

"धूप? आणि तुळस?"

"वाळली होती हो. पण तिची आई आजारी, कशाला सांगायचं?"

"दार कोणी उघडलं?"

काका कॉफी ढवळत राहिले. "त्याच्या बायकापोरांचं बघा ना साहेब. शाळेत जाणारी दोन मुलं आहेत. ती काय, एकटी आहे, निस्तरेल. चार लोकांत आपल्या माणसांची शोभा कशाला?"

मी टेबलावर हात आपटला. कॉफी त्यांच्या पांढऱ्या बुटांवर सांडली. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. लेखी जबाबाला बोलावलं, तेव्हा वकील घेऊन आले आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं: आठवत नाही.

राहिला मॅनेजर. त्याने जबाब मराठीत द्यायचा हट्ट धरला. बाहेर उत्तम इंग्रजी झाडणाऱ्या माणसाला खोलीत मातृभाषा आठवली की समजावं, त्याला सवलत हवी आहे. रेकॉर्डिंग सुरू केलं, हक्क वाचून दाखवले. तो हसून म्हणाला, "साहेब, मूळ गाव कुठलं आपलं?"

"इथलंच," मी म्हणालो. "तुम्हाला फार वेळ नाही बसवत. एक-दोन गोष्टी नक्की करायच्या आहेत."

बाजारातली एक युक्ती सांगतो. समोरचा भाव सांगत नसेल तर आपण मुद्दाम चुकीचा सांगावा. ज्याला खरा माहीत आहे त्याला राहवत नाही. आणि चुकीचं ऐकून गप्प बसणारा पुणेकर मला अजून भेटायचा आहे.

"बाई अडाणी निघाल्या," मी फाइल चाळत म्हणालो. "एवढं शिकून झाडं पिवळी पाडली. आमचा अहवाल म्हणतो, खत कमी पडलं."

"खत कमी नव्हतं," तो म्हणाला. मग सावरून, "म्हणजे, नसावं."

"नाही नाही, कमीच. झाडं उपाशी होती. पाण्याचा तर प्रश्नच नाही, मीटर चांगला होता. रोज बघत असणार बाई."

"चांगला?" त्याच्या कपाळाला आठी पडली. "चुकीचं लिहिलंय तुमच्या लोकांनी. पडल्यापासून तो कमीच दाखवायचा. पीएच बरोबर वाटायचा आणि प्रत्यक्षात चढलेला असायचा. त्यात कितीही खत घाला, मुळं घेणार आहेत का?"

"कधी पडला हो?"

"गेल्या महिन्यात, बाथरूममध्ये..."

तो थांबला. गेल्या महिन्यात बाई साताऱ्याच्या दवाखान्यात आईच्या उशाशी होत्या.  मी पाणी पुढे सरकवलं.

पेला तसाच ठेवून तो म्हणाला, "साहेब, तुम्ही मला बोलतं केलंत."

"मी चुकीचं बोललो. दुरुस्त तुम्ही केलंत."

त्या संध्याकाळी त्याने किल्लीची जागा सांगितली. त्याच्या ऑफिसमधल्या खणात होती, बाईंनी बांधलेल्या लाल दोऱ्यासकट. बाईंच्या पुस्तकांतून खत आणि पीएच वाचून घेतल्याचंही सांगितलं. पुढे त्याला शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. बाई सुटल्या. पण तोवर विद्यापीठातली त्यांची जागा दुसऱ्याला दिली गेली होती आणि इथे राहायच्या पासची मुदत संपली होती. विमानतळावर सोडायला त्यांच्याबरोबर कोणी नव्हतं. मी गेलो होतो, तेही त्यांना न कळवता, आणि लांबूनच परतलो.

त्या प्रकरणानंतर मंडळाच्या दिवाळीचं निमंत्रण मला आलेलं नाही. माझ्यामुळे म्हणे आपल्या लोकांची बदनामी झाली. मी थकलोय, या वयात जेवणाच्या पंगतीसाठी भांडायचं नाही. या प्रकरणाने शिकवलं ते इतकंच: गुन्हेगाराला बोलतं करता येतं. त्याला फुशारकी असते, राग असतो, कुठेतरी तो फुटतो. सभ्य माणसाचं तोंड उघडत नाही. त्याच्याकडे झाकायला गुन्हा नसतो, फक्त इभ्रत असते, आणि तिच्यापुढे आमची कुठलीच कलमं चालत नाहीत.

काका अजून मंडळाच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन संस्कारांवर बोलतात असं ऐकतो. म्हणून हे लिहिलं. काका, खटला संपला आहे, वकिलाची गरज नाही. दार कोणी उघडलं ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. तुमच्या एका वाक्याने ती बाई कोठडीतून त्याच दिवशी बाहेर आली असती. ते वाक्य तुम्ही का बोलला नाहीत? पुढच्या कार्यक्रमात माइक हातात घ्याल तेव्हा आधी याचं उत्तर द्या. मला नको, तिला द्या.