कोऱ्या बाटलीतला वास

इथले गूढ अनुभव मी आवडीने वाचते आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याची टर उडवते... अशी मी. केमिस्ट्रीत एमएस्सी, राहते दादरला, अंगारे-धुपारे कधी केले नाहीत. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं.

माझं काम जमिनीखालचं पाणी तपासायचं. कॉटन ग्रीनला एक पेट्रोल पंप कित्येक वर्षं बंद आहे, त्याच्या जमिनीतल्या टाक्या गळक्या होत्या. मागे दुमजली चाळ आणि चाळीच्या अंगणात विहीर. पंपाच्या आवारात आम्ही तीन बोअर मारलेत. दर तीन महिन्यांनी त्यांतलं आणि विहिरीतलं पाणी काचेच्या बाटल्यांत, एकही बुडबुडा न राहू देता भरायचं आणि बर्फाच्या पेटीतून लॅबला पाठवायचं. पेटीत एक जास्तीची बाटली असते, लॅबनेच शुद्ध पाणी भरून सील केलेली. ती कुणी उघडायची नाही. वाटेत काही मिसळलं का, ते तिच्यावरून कळतं. आम्ही तिला कोरी बाटली म्हणतो.

हे काम निघालं ते चाळीतल्या सावंतकाकींच्या तक्रारीमुळे. विहिरीला वास येतो म्हणून त्यांनी अर्जांवर अर्ज केले होते. काकी मूळच्या मालवणकडच्या, तोंडाने फटकळ, पण मला चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. एकदा सकाळी मी पोचले तर त्या विहिरीच्या कठड्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत होत्या. गाऱ्हाण्याला ‘होय म्हाराजा’ म्हणणारं कुणीतरी लागतं. त्यांचे यजमान, काका, बाजारात गेलेले, म्हणून मला उभं केलं.

“बा देवा म्हाराजा, जो कोण माज्या बावीच्या ह्या पाण्याक बरा म्हणात, त्येच्या घोटाघोटाक ह्योच वास येवंदे.”

मी हसू दाबत “होय म्हाराजा” म्हटलं.

दोनेक महिन्यांनी काकी वारल्या. पंपाच्या मालकाला प्लॉट विकायचा होता. रिपोर्ट स्वच्छ आला की चाळीची तक्रार निकालात निघणार आणि विहीर बुजवणार, हे ठरलेलंच होतं. आमच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“त्या बाईंची तक्रार त्यांच्याबरोबर गेली. आता नळाचं पाणी भर आणि दे पाठवून.”

मी भरलं. खोटं कशाला बोलू? नोकरी हवी होती. ऑफिसच्या पँट्रीतल्या नळाखाली उभी राहून मी सगळ्या बाटल्या भरल्या, त्यांवर बोअरचे आणि विहिरीचे नंबर चिकटवले.

चार दिवसांनी लॅबमधून फोन आला. सगळ्या बाटल्यांत पेट्रोल! तेही शिसं असलेलं जुनं पेट्रोल, जे आता कुठल्याच पंपावर मिळत नाही. विहिरीच्या आधीच्या नमुन्याच्या आलेखावर या बाटल्यांचा आलेख ठेवला तर दोन्ही तंतोतंत जुळत होते. आणि सील न तोडलेल्या कोऱ्या बाटलीतही तेच.

सरांनी माझ्यावर खापर फोडलं, मी हलगर्जीपणा केला म्हणे. मग स्वतः मिनरल वॉटरचा बॉक्स मागवून माझ्यासमोर नव्या बाटल्या भरल्या, त्यांवर विहिरीचे आणि बोअरचे नंबर चिकटवले आणि दुसऱ्या लॅबला दिल्या. “बघ, याला म्हणतात चांगलं पाणी,” असं म्हणत त्याच बॉक्समधली एक बाटली त्यांनी तोंडाला लावली... आणि “पेट्रोल!” म्हणत टेबलभर थुंकले. मी उरलेलं पाणी हुंगलं, चाखलंही. कसलाच वास नव्हता. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट मात्र पहिल्यासारखाच आला.

त्या दिवसापासून सरांना पाणी जाईना. घरचं, हॉटेलचं, फिल्टरचं, कुठलंही. चहा नको, सरबत नको. दोन डॉक्टर झाले, नाकाचे फोटो झाले, काही निघालं नाही. माणूस शहाळ्यांवर जगायला लागला. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. काकींचे अर्ज फाइलला लावताना हेच सर हसले होते.

शेवटी खऱ्या विहिरीचं पाणी घेऊन खरा रिपोर्ट गेला. विहीर वाचली. सरांना येणारा वास काही गेला नाही. महिन्याभराने, पार वाळलेले, ते माझ्या टेबलाशी आले. काकींचं गाऱ्हाणं कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. हातात नारळ होता. तो विहिरीवर ठेवून तू माझ्यासाठी दोन शब्द बोल, म्हणाले.

मी गेले. काकांना सगळं सांगितलं, नळाखाली भरलेल्या बाटल्यांसकट. त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं.

“गाराणा घालताना ‘होय’ तू म्हटलंस. सोडवचा आसला तर तूच सोडव.”

मी नारळ कठड्यावर ठेवला. अगदी हात जोडले. मग आठवलं, काकी मला चहा द्यायच्या तो शेजारणीकडून नळाचं पाणी मागून आणून करायच्या, कारण स्वतःच्या दारातलं पाणी त्यांना मला पाजवत नव्हतं. मी जोडलेले हात खाली घेतले.

सील न तोडलेल्या बाटलीत पेट्रोल कसं गेलं, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला जमलं तर जरूर सांगा. नारळ मी पिशवीत घालून घरी आणला, फोडला आणि त्याची सोलकढी केली. त्यावर नळाचं ग्लासभर पाणी प्यायले. मला तरी वास आला नाही.