ड्यूटी ट्रकचा प्लग

माझं सध्याचं पोस्टिंग नेदरलँड्समधलं कापेल आन डेन आयसेल. मुक्काम मुलीच्या घरी, ड्यूटी नातवाला शाळेत पोचवायची. नातू माझ्याशी डचमध्ये बोलतो, मी त्याच्याशी मराठीत, आणि आमचं छान जमतं.

मागच्या महिन्यात थंडी वाढली तेव्हा शेजारच्या डच गृहस्थांनी आपल्या जुन्या डिझेल ट्रकला ब्लॉक हीटर लावून ठेवला होता. सामाईक शेडमध्ये सॉकेट एकच. आमच्या जावयांनी त्यांचा प्लग काढला आणि स्वतःच्या सायकलची बॅटरी चार्जिंगला लावली. मी जावयांवर असा ओरडलो की मुलगी खाली धावत आली. जावयावर ओरडायची आपल्यात पद्धत नाही. ते बिचारे एवढंच म्हणाले, "बाबा, एक प्लग तर आहे." त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून हे लिहितोय.

फौजेत असताना मी उत्तर सीमेवरच्या एका पोस्टवर एमटी, म्हणजे मोटर ट्रान्सपोर्टचा, हवालदार होतो. कंपनीच्या सगळ्या गाड्या माझ्या ताब्यात. उणे पंचवीसला इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं आणि स्टार्टर नुसता कण्हतो. म्हणून इंजिनाच्या ब्लॉकमध्ये विजेचा हीटर बसवलेला असतो. तो आतलं पाणी गरम ठेवतो, पण त्याला तीन तास लागतात. आमच्या जनरेटरवर एका वेळी एकच हीटर चाले. तो ड्यूटी ट्रकलाच लावायचा, अशी स्टँडिंग ऑर्डर होती, कारण जखमी न्यायला तोच ट्रक होता.

त्या दिवशी कर्नलसाहेब पोस्टवर मुक्कामाला होते. सकाळी सातला निघणार होते. आमचे नायब सुभेदार कदमसाहेब म्हणाले, "साहेबांची जीप गरम कर. सगळ्यांसमोर ती ढकलायची वेळ आली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी ऑर्डरची आठवण करून द्यायला हवी होती. दिली नाही. खरं सांगायचं तर मलाही साहेबांची शाबासकी हवी होती. ०३३० वाजता मी ट्रकचा प्लग काढून जीपला लावला.

०६१० ला शेलिंग सुरू झालं. पहिलाच मॉर्टर बॉम्ब जीपवर पडला. कर्नलसाहेब अजून बाहेर आले नव्हते, कदमसाहेब जीपशेजारी उभे होते. धूर विरला तेव्हा जीपचा सांगाडा जळत होता आणि कदमसाहेब कमरेपासून खाली उरले नव्हते. दुसरा बॉम्ब लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, भिंतीवर पडला. तिथे लान्स नायक संतोष माने पाणी भरत होता. स्प्लिंटरने त्याची मांडी हाडापर्यंत चिरली. बर्फ हातभर लाल झाला. मी मांडीवर पट्टा आवळला, रक्त कमी झालं, थांबलं नाही.

ड्यूटी ट्रकच्या ड्रायव्हरने स्टार्टर मारला. इंजिन हललं नाही. रेडिओवर खालून विचारणा झाली.

"कॅज्युअल्टी निघाली का? ओव्हर."

"नाही. गाडी स्टार्ट होत नाही. ओव्हर."

"कारण? ओव्हर."

मी हँडसेट खाली ठेवला. तुपाच्या डब्यात चिंध्या कोंबल्या, डिझेल ओतलं, पेटवून डबा इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली सरकवला. काळा धूर सरळ वर चढला आणि समोरच्यांना निशाणा मिळाला. पुढचे बॉम्ब धुराच्या रोखाने जवळ येत गेले. एकाने ट्रकची काच फोडली, ड्रायव्हरचा कान तुटला. तो तोंडावरचं रक्त पुसत स्टार्टर मारत राहिला. मी ट्रकखाली पालथा पडून डबा धरून होतो. हाताची कातडी डब्याला चिकटली. भिंतीआडून संतोषने दोनदा विचारलं, "उस्ताद, झाली का चालू?" दोन्ही वेळा मी झालीच म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

०६५२ ला इंजिन धडधडलं. अकरा किलोमीटर खाली ड्रेसिंग स्टेशन, म्हणजे फौजेचा दवाखाना, होतं. सातव्या किलोमीटरवर संतोष गेला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर पाय गेला असता, माणूस राहिला असता.

चौकशी झाली. शेलिंगमुळे उशीर, असं कागदावर आलं. प्लगची गोष्ट दोघांनाच माहीत होती आणि त्यातले कदमसाहेब राहिले नव्हते.

संतोष फलटणजवळचा, वय सव्वीस. पोस्टवर सगळ्यांचे केस तोच कापायचा, आणि कापताना इतकं बोलायचा की कान दुखायचे. कदमसाहेब चिपळूणचे, निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी फक्त सांगितलं होतं.

सुट्टीवर आल्यावर मी संतोषच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला जेवायला वाढलं. माझ्या हाताच्या पट्ट्या पाहून भाकरी स्वतः कुस्करून दिली. मग समोर बसून तिने एकच विचारलं, "गाडी येळेत मिळाली हुती न्हवं माझ्या पोराला?"

मी म्हणालो, "हो आई, लगेच मिळाली."

तिने हात जोडले आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती मी खाल्ली.