प्रार्थनेचा विषय

तीन महिने मी प्रभुभोजन घेतलं नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आधी भाकर फिरते, मग द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं तबक. मनात कुणाविषयी वैर असेल तर आधी समेट करावा आणि मगच हात पुढे करावा, ही आमची रीत. तबक आलं की मी ते शेजारणीकडे सरकवायचे आणि मान खाली घालून बसायचे. बघणाऱ्याला वाटावं बाई पश्चात्ताप करतेय. कसला पश्चात्ताप! रागाने माझे कान तापलेले असायचे. दोन बाकं पुढे सुलभा बसलेली असायची आणि ती खुशाल भाकर खायची. प्रभू, तुला हे दिसतंय ना, असं मी मनात विचारायचे. उत्तर येत नव्हतं. तो ऐकतो तरी का, इथपर्यंत माझी मजल गेली होती, आणि जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्या बाईला हे कबूल करायला फार जड जातं.

सुलभा माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण. सोलापुरात एकाच दवाखान्यात आम्ही दोघी नर्स म्हणून लागलो, एकाच वर्षी रिटायर झालो. माझे यजमान गेले तेव्हा पंधरा दिवस ती माझ्या घरी येऊन राहिली होती. गेल्या वर्षी माझ्या एकुलत्या एक मुलीने, एस्तेरने, मला स्वतःच्या तब्येतीची एक गोष्ट सांगितली. कोणती, ते लिहीत नाही. हे लिहिलेलं मी तिला आधी वाचायला दिलं आणि तिने दोन ओळी खोडल्या, त्या इथे नाहीत. एवढंच सांगते की घाबरण्यासारखं काही नव्हतं, औषधं चालू होती, पण तिच्या लग्नाची बोलणी सुरू असताना चारचौघांत फिरावी अशी ती गोष्ट नव्हती. "कुणाला सांगू नकोस, आई," असं ती म्हणाली होती. तीस वर्षं वॉर्डातल्या पेशंटची गुपितं मी पोटात ठेवली. लेकीचं गुपित चार दिवस ठेवलं. पाचव्या दिवशी राहवेना म्हणून सुलभाला सांगितलं, आणि म्हटलं, बाई गं, प्रार्थनेत तिची आठवण ठेव.

बुधवारी आमची महिलांची प्रार्थनासभा असते. प्रत्येकीने आपापला प्रार्थनेचा विषय सांगायचा आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. त्या बुधवारी माझा गुडघा धरला होता, मी गेले नव्हते. सुलभा उभी राहिली आणि म्हणाली, "नाव घेत नाही, पण आपल्या एका बहिणीची मुलगी, मोहोळला शाळेत शिकवते, तिच्यासाठी प्रार्थना करू या." आमच्या मंडळीत मोहोळला शिकवणारी मुलगी एकच! वर आजार कोणता, गोळ्या किती, सगळं सांगून मोकळी. बायकांनी डोळे मिटून अगदी कळवळून प्रार्थना केली म्हणे. डोळे उघडले आणि मग तोंडंही उघडली. आठवड्याभरात लग्नाची बोलणी थांबली.

एस्तेर भांडली असती तर बरं झालं असतं. आधी रोज एसटीने जायची-यायची, आता तिने मोहोळलाच खोली घेतली. फोन केला की "जेवलीस का" ला "हो", आणि "कधी येतेस" ला "बघू". मग फोन उचलणंही बंद झालं. मला दुसरं कोण आहे? लेक हातची गेली या भीतीने मला घास गिळवत नव्हता, आणि त्या भीतीचा सगळा राग मी सुलभावर काढत होते. पवित्र शास्त्रात, बायबलमध्ये, खोट्या मित्राविषयी जे जे लिहिलंय ते मी तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केलं. ज्या शिष्याने शेवटच्या भोजनाला सोबत बसून जेवण केलं त्यानेच येशू प्रभूला धरून दिलं, तिथे तर पान फाटेस्तोवर रेघ मारली. चर्चच्या पाळकसाहेबांना जाऊन सगळं ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्यातला एक जण मला धरून देईल असं प्रभू म्हणाला, तेव्हा बाकीच्या शिष्यांनी काय केलं, तेही वाचा." मला पाठ होतं ते. प्रत्येकाने, तो मी तर नाही ना, असं प्रभूला विचारलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, "साहेब, त्याचा इथे काय संबंध?" आणि उठून आले.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी मी न कळवताच मोहोळला निघाले. डब्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेतली. सुलभाचं तोंड पुन्हा पाहणार नाही असं लेकीला सांगायचं, म्हणजे तिचा राग जाईल, असा माझा हिशेब. एसटीत शेजारी एक म्हातारी बसली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, नऊवारी. "कुटं निगाला, ताई?" एवढंच तिने विचारलं आणि माझा बांध फुटला. तीस वर्षांची मैत्री, बुधवारची सभा, मोडलेली बोलणी, सगळं भडाभडा सांगितलं. लेकीला काय झालंय तेसुद्धा सांगितलं. शेवटी म्हटलं, "सांगा बरं आजी, अशा बाईला काय म्हणावं?"

म्हातारीने काळा चष्मा नीट केला. मग म्हणाली, "पोरीनं तुमच्या मैतरनीला सांगितलं हुतं व्हय?"

"नाही हो. मला सांगितलं होतं."

"मंग तुमीच फोडलं की. आन् आता मलाबी सांगायलाय. मी कोन तुमची?"

ओरडून नाही, टोचूनही नाही. भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तसं म्हणाली. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. पदराने तोंड पुसत राहिले. माझी ती दशा बघून ती उठली, "हितं बसा, वारं घ्या जरा," म्हणून मला खिडकीची जागा दिली. पुढच्या एका फाट्यावर, बस सावलीला उभी कर म्हणून कंडक्टरशी भांडत भांडत उतरून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही. तिला प्रभूने पाठवलं होतं का, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. तीन महिने मी त्याला जे विचारत होते त्याचं उत्तर मला मिळालं, एवढं मला ठाऊक आहे. उरलेल्या वाटेत मी खिडकीबाहेर बघत, आयुष्यात पहिल्यांदा, तो प्रश्न विचारला जो शिष्यांनी विचारला होता. विचारायची गरज नव्हती म्हणा. तो मीच होते.

एस्तेरने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. सगळं ठरवलेलं भाषण मी विसरले. म्हटलं, "सुलभाने नाही गं, मी फोडलं. तू माझ्यापाशी ठेवलेलं मी बाहेर दिलं. आताही एसटीत दिलं. मी चुकले." ती म्हणाली, "फोन केलास की तू मला मावशी कशी वाईट तेच ऐकवायचीस. मावशीला मी काही सांगितलंच नव्हतं, आई." तिचा आवाज फुटला. मीही रडले. दारात दोघी रडतोय आणि समोरची बाई धुणं वाळत घालता घालता बघतेय! शेवटी एस्तेरच म्हणाली, "आत ये, ऊन लागेल." त्या दिवशी ती माझ्याबरोबर परत आली नाही. भाकरी मात्र तिने उभ्या उभ्याच खाल्ली.

सुलभाकडे मी दुसऱ्याच दिवशी गेले. मला बघताच ती म्हणाली, "अगं, मी प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं, शपथ!" म्हटलं, "मीसुद्धा तुला प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं." तिचा चेहरा एवढासा झाला. चहा झाला, रडणं झालं, तिने एस्तेरला फोन करून माफी मागितली. आता आम्ही पूर्वीसारख्या बाजारात जातो, गुडघ्यांच्या तक्रारी करतो, पण लेकीबाळींचं मी तिच्याजवळ बोलत नाही आणि तीही विचारत नाही. पुढच्या पहिल्या रविवारी तबक आलं तेव्हा मी हात पुढे केला. धरून देणाऱ्यालाही प्रभूने आपल्या मेजाशी बसू दिलं होतं, तिथे माझीही जागा निघाली. प्रभूवर भार टाकते असं मी जन्मभर म्हणत आले, आणि टाकल्यावर गल्लीभर त्याची चर्चा करत आले. टाकून गप्प बसणं मला या वयात शिकावं लागलं.

मागच्या महिन्यात एस्तेर दोन दिवसांसाठी घरी आली होती. दुपारी शेंगा सोलत बसलो होतो. सोलता सोलता तिने मला एक नवी गोष्ट सांगितली, अजून कुणालाच न सांगितलेली. मी ऐकून घेतलं, सल्ला दिला नाही, हे विशेष. सांगून झालं आणि ती पुन्हा शेंगा सोलू लागली. कुणाला सांगू नकोस, असं या वेळी ती म्हणालीच नाही. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले, ओट्याला धरून उभी राहिले आणि प्रभूचे आभार मानत पोटभर रडले.