अर्धा पफ

तमाम नागपूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सत्तर सालाच्या आसपास, मे महिन्यातल्या एका सकाळी, धरमपेठेतल्या एका नवरीच्या डोक्यावरचा पफ अर्धा उभा असतानाच बाटला. डावी बाजू बाटली. उजवीला माझा हात अजून लागायचा होता. सबब उजवी पवित्र राहिली.

झालं असं. नवरी आरशापुढे बसलेली, मी मागे उभी. केस उलटे विंचरून फुगवायचे आणि त्यावर जवसाचं पाणी फिरवायचं, की ते कडक होतात. पार्लरात यासाठी परदेशी स्प्रे होता. पण पार्लरात मी झाडूवाली होते. झाडता झाडता बघून शिकलेली. म्हणून आईनं आदल्या दिवशी जवस उकळून, त्याचा चिकट काढा बाटलीत भरून दिला होता. "वारा सुटला तरी हालत नाही, पाह्यजो," म्हणाली.

हे माझं पहिलं लग्न. म्हणजे माझ्या हातचं. नवरीनं कॉलेजच्या संमेलनात तिच्या मैत्रिणीचे केस बघितले होते, मीच केलेले, आणि घरात हट्ट करून मला बोलावलं होतं. हे एक डोकं नीट उतरलं की मांडवातल्या बाया विचारणार, कोणी केले गं? मग माझा झाडू सुटणार. विशीतल्या पोरीचं एवढंच स्वप्न. ते तेव्हा अर्धं उभं होतं.

नवरीची मावशी आली. वळसा घालून पफ बघितला. खूश झाली.

"हात छान आहे गं तुझा. कुठं राहून राहिली तू? आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं.

खिडकीतल्या वाळ्याच्या तट्ट्यातून पाणी ठिबकत होतं. मावशी दोन पावलं मागे सरली.

"बाजूला हो."

मी झाले. मावशीनं नवरीचा दंड धरला आणि न्हाणीत नेलं. "गौरीहराला बसायचंय हिला," असं ती भिंतीला, दाराला, सगळ्यांना म्हणाली. मला सोडून. मग नवरीच्या डोक्यावर पाणी ओतल्याचे आवाज. एकेक तांब्या मी उभी राहून ऐकला.

आता इथे मला हसू येतं, माफ करा. एवढं शिकलेलं घर. पण उलट्या विंचरलेल्या केसांत जवस असताना वरून पाणी ओतलं तर काय होतं, हे त्या घरात फक्त बाटवणारीला ठाऊक होतं. जवस शेंबडासारखं सुटतं आणि केसांचा गोळा होतो. नवरी बाहेर आली ती डाव्या कानावर ओलं घरटं घेऊन. मावशीनं फणी घातली. ओढली. नवरी कळवळली. फणीचे तीन दात आतच राहिले.

मला तोवर व्हरांड्यात काढलं होतं.

"तिथूनच सांग, कसं सोडवायचं ते."

आणि मी सांगितलं. इथे मात्र मला नाटक करता येत नाही. मी सांगितलं. "टोकाकडून धरा. तेल घ्या. फणी नको, बोटांनी." माझे हात लोंबत होते आणि बोटं आपोआप हालत होती. मावशीची बोटं नेमकी उलटी चालत. नवरी आरशातून माझ्याकडे बघे, मी तिच्याकडे. तिला उठता येईना. मला आत जाता येईना.

एकदाच ती म्हणाली, "मावशी, येऊ दे ना गं ताईला आत."

"तू गप्प बस. लग्न तुझं असलं तरी घर आमचं आहे."

गुरुजींचा दुसऱ्यांदा निरोप आला. मावशी घामानं निथळली होती. आत गेली आणि वाटी घेऊन उंबऱ्यात आली. गोमूत्र.

"दोन्ही हातांवर घे नि ये आत. मी बोलणार नाही कोणाला." उपकार केल्यासारखं म्हणाली.

निकाल आधीच सांगून टाकते. नवरी डोक्यावरून पदर घेऊन गौरीहराला बसली. त्या गोळ्याचं काय झालं, मला माहीत नाही. कापला असावा. पोरीचा दोष नव्हता. ते अजून टोचतं. धरमपेठेतून मला पुन्हा बोलावणं आलं नाही. झाडू आणखी चार वर्षं हातात राहिला. तेव्हा जिंकले वगैरे समजू नका.

कारण त्या वाटीखाली माझे हात पुढे गेले होते. खरंच गेले होते. झाडू सोडायचा होता मला. मावशीनं वाटी उंच धरली, विटाळ होऊ नये म्हणून. खाली माझी ओंजळ. तेव्हा दिसलं मला. गावात विहिरीवर आईला असंच वरून पाणी वाढत. खाली तिची ओंजळ. छप्पन साली दीक्षा घेतली आणि आईनं ती ओंजळ कायमची मोडली. इथे मी ती पुन्हा जुळवून उभी होते.

मी ओंजळ सोडली. सकाळपासून त्या घरात मी जपून, पुस्तकातलं मराठी बोलत होते. आता तोंडातून निघालं ते घरचं, आणि मांडवापर्यंत ऐकू गेलं:

"मावशी, माह्ये हात साफ हायेत. कोनाच्याच दारात ते पुन्हा धुनार नाही मी."